भाऊ थंडच गहवा प्यायचे

भास्कर शेवाळे, म्हणजे आमचे भाऊ, गेल्याची बातमी मला कुवेतमधल्या शर्कच्या मासळी बाजारात कळली. शुक्रवारची सकाळ होती. मी दोन पापलेटं साफ करायला दिली होती आणि त्यातलं एक भाऊंचंच होतं. दोन दिवसांपूर्वी हॉस्पिटलच्या पलंगावरून त्यांनी स्वतः फर्मान सोडलं होतं, "शुक्रवारी सोडणार आहेत मला. पापलेट आण. मोठं नको, मोठ्याला चव नसते. आणि त्या मासेवाल्याला सांग, डोकं टाकू नको म्हणावं." फोन सुमनवहिनींचा होता. "संजयभावजी, हे गेले हो... पहाटे..." एवढंच त्या बोलू शकल्या. मासेवाल्याने पिशवी पुढे केली. डोकं शाबूत होतं. मी पिशवी घेऊन समुद्राच्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि रडू यायच्या आधी मला हसू आलं. कारण आमची शेवटची भेट हसण्यातच संपली होती. इतके हसलो होतो आम्ही, की नर्सने मला वॉर्डाबाहेर काढलं होतं. त्या दिवशी आम्ही का हसलो, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. त्यात माझा एक अपराध आहे. तो आधी कबूल केल्याशिवाय भाऊंविषयी चांगलं लिहिण्याचा मला हक्क नाही.

भाऊ मालेगावकडचे. रिफायनरीतल्या पंपांची आणि कॉम्प्रेसरची देखभाल करणाऱ्या आमच्या कंपनीत ते इन्स्ट्रुमेंट विभागाचे सुपरवायझर होते, आणि मी प्लॅनिंगमध्ये, म्हणजे कोणाची कोणती शिफ्ट हे ठरवणारा. माझ्या टेबलावर रोस्टरचा कागद दिसला की ते दारातूनच ओरडायचे, "काय पुणेकर, आज कोणाची सुट्टी मारली?" उंच, सडपातळ, मिशी कात्रीने रोज सरळ केलेली. आवाज मात्र असा, की खैतान भागातल्या त्यांच्या घरातून फोन आला तर मी तो कानापासून वीतभर लांब धरायचो. त्यांची मुलगी अनुजा म्हणायची, "बाबा, यू डोंट नीड अ फोन." त्यावर भाऊंचं ठरलेलं उत्तर, "मराठीत बोल, मग फोन ठेवतो."

पण भाऊंना कुवेतमध्ये जे ओळखत, ते सुपरवायझर म्हणून नव्हे. इथले कुवेती तरुण त्यांना 'सफीर' म्हणत. सफीर म्हणजे राजदूत. हे नाव कसं पडलं त्याची गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे, पण लिहून काढतो आहे पहिल्यांदाच.

कुवेतमध्ये तरुणांना काही काळ सैनिकी सेवा करावी लागते. ती संपली तरी नाव राखीव दलात राहतं आणि मधूनमधून काही आठवड्यांसाठी सरावाचं बोलावणं येतं. माणूस नोकरीवर असतो, मशीनवर असतो, आणि बोलावणं आलं की पाना खाली ठेवून छावणीवर जातो. त्याची जागा कायद्याने राखायचीच असते. पण नोकरीची जागा राखणं वेगळं आणि माणसाची जागा राखणं वेगळं. तो छावणीवर असताना चांगलं मशीन दुसऱ्याच्या हातात जातं, ट्रेनिंगला दुसऱ्याचं नाव जातं, आणि परत आल्यावर तो कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या पंपाजवळ उभा असतो. हे कोणी मुद्दाम करत नाही. माझ्यासारखा एखादा प्लॅनर वैतागून करतो. ऐन शटडाउनमध्ये, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चालू असताना, माणूस गेला की रोस्टर कोसळतं, आणि मग त्या माणसाचाच राग येतो... मला यायचा.

मिशारी नावाचा एक कुवेती टेक्निशियन भाऊंच्या हाताखाली नवा लागला होता. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना शर्कच्या मुख्य कार्यालयात मालकांना भेटायला बोलावलं होतं. मालक म्हणजे बू खालिद, खालिदचे वडील. इथे मोठ्या माणसाला असंच मुलाच्या नावाने ओळखतात. भाऊंना आणि मला कुवेतमध्ये बरीच वर्षं झाली होती, पण कुवेती माणसाच्या बैठकीत आम्ही कधी पाय ठेवला नव्हता. खैतान ते साइट आणि साइट ते खैतान, एवढंच आमचं कुवेत. भिंतीलगत गाद्या, मधोमध खजूर, आणि एक माणूस हातात पितळी किटली घेऊन सर्वांना गहवा वाढत फिरत होता. गहवा म्हणजे वेलदोडा घातलेली इथली बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. बिनकानाच्या इवल्या कपात ती घोटभरच देतात. मी प्यायलो. पुरे झाल्यावर कप हलवून परत द्यायचा असतो हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे तो माणूस ओतत राहिला आणि मी पीत राहिलो. पाच कप झाले. भाऊंनी मात्र कप घेतला, तसाच समोर टेबलावर ठेवला, छातीवर हात ठेवला आणि आपल्याकडे ज्या सुरात म्हणतात त्या सुरात म्हणाले, "नको नको, आत्ताच चहा झालाय."

आपल्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं. दोनदा-तीनदा आग्रह झाला की मग घ्यायचं. भाऊ आग्रहाची वाट बघत बसले. आग्रह काही होईना. उलट बोलणं थांबलं. बू खालिदनी स्वतःचा कप खाली ठेवला आणि भाऊंकडे रोखून बघत त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "क्या मांगता, भास्कर?"

"कुछ नहीं साहब."

"नहीं. बोलो. क्या मांगता?"

शेजारी बसलेल्या मिशारीने भाऊंच्या कानाशी लागून समजावलं. इथे पाहुण्याने गहवा न पिता कप खाली ठेवला, तर त्याचा अर्थ, मी काही मागायला आलो आहे आणि ते मिळाल्याशिवाय तुझ्या घरचा घोट घेणार नाही. यजमानाला मग उत्तर द्यावंच लागतं. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघितलं. ते नंतर सांगायचे, "पहिल्यांदा मनात आलं, वर्कशॉपला नवा कूलर मागावा. मग शेजारी बघितलं तर हे पोरगं घाम पुसतंय." मिशारीला त्याच आठवड्यात छावणीचं बोलावणं आलं होतं आणि फोरमनने त्याला ऐकवलं होतं की परत आल्यावर कॉम्प्रेसरवर नाही, स्टोअरमध्ये बसावं लागेल. भाऊंनी घसा साफ केला. त्यांचा तो आवाज त्या हॉलमध्ये घुमला. "साहब, ये मिशारी जाएगा, वापस आएगा. इसका मशीन इसकाच रहना मांगता. बस."

 बू खालिद जे हसले, ते खजुराची थाळी हलेपर्यंत हसले. स्वतःसाठी काहीही न मागणारा माणूस त्यांनी त्या हॉलमध्ये बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. "पियो," ते म्हणाले, "हो गया काम." भाऊंनी कप उचलला. एव्हाना गहवा गार झाला होता. लिफ्टमधून खाली येताना ते मला म्हणाले, "पुणेकर, काढा आहे रे तो! थंड काढा! पण काम झालं ना..."

दुसरा कोणी असता तर ही फजिती घरी सांगून विसरला असता. भाऊ विसरले नाहीत, आणि का नाहीत ते मला पुढे कळलं. त्यांचे थोरले भाऊ, नाना, गावाकडे साखर कारखान्यात होते आणि प्रादेशिक सेनेतही होते. एका बोलावण्यावरून नाना परत आले, तर त्यांच्या जागेवर कारखान्यातल्या कोणा वजनदार माणसाचा मेहुणा बसला होता. "नाना सीमेवरून धडधाकट परत आला," भाऊ म्हणायचे, "पण कारखान्याच्या गेटातून आत नाही येऊ शकला. कोणीतरी एकानं जाऊन बोलायला पाहिजे होतं. मी बारावीत होतो. मी बोललो नाही."

मग ते बोलायलाच लागले. आमच्या कंपनीतला कोणी राखीव दलात जायचा असला की भाऊ शर्कला जाऊन कप खाली ठेवणार. शेजारच्या कंपन्यांतले लोकही त्यांच्याकडे येऊ लागले. ना गणवेश, ना पगार, ना ओळखपत्र. परदेशी माणूस, स्वतः इक्काम्यावर, म्हणजे वास्तव्याच्या परवान्यावर, राहणारा, पण दुसऱ्याच्या देशाच्या राखीव शिपायांची बाजू घेऊन मॅनेजरांच्या केबिनमध्ये बसायचा; म्हणूनच 'सफीर'. शिपाई जायच्या आधी भाऊ आम्हा चार-पाच जणांना गोळा करून त्याच्या शिफ्टा वाटून द्यायचे. "तू रविवार घे, तू मंगळवार. तोंड काय वाकडं करतो? तो तिथे उन्हात पळतोय, तू इथे एसीत बसून घड्याळ बघणार." शिपाई छावणीवर असताना त्याच्या घरी फोन करायचे. एकाच्या आईचा एसी बंद पडला तर स्वतः जाऊन गॅस भरून आले. आणि तो परतला की वर्कशॉपमध्ये सुमनवहिनींचा चिवडा आणि चहा ठरलेला. चिवड्यातली मिरची लागून डोळ्यांत पाणी आलेला एक धिप्पाड कुवेती मला आठवतो. भाऊ त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत होते, "छावणीत रडला नाहीस ना? मग इथे काय झालं?"

अनुजाने एकदा विचारलं होतं, "बाबा, व्हॉट डू यू गेट आउट ऑफ धिस?" भाऊंनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "थंड गहवा." खरंच होतं ते. मागणं मान्य होईपर्यंत कप तसाच. वीस मिनिटं, कधी तासभर. भाऊ कुवेतमध्ये गरम गहवा कधी प्यायलेच नाहीत.

आता माझं...

दोन वर्षांपूर्वी भाऊ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेले होते. नेमकं तेव्हा मिशारीला बोलावणं आलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आमच्याकडे शिफ्टप्रमुखाची जागा भरायची होती. ती मिशारीचीच होती, हे कामाकडे बघणाऱ्या कोणीही सांगितलं असतं. भाऊंचा फोन आला. "पुणेकर, मी इथे तंगडी वर करून पडलोय. तू जा. एकच काम आहे, सोपं आहे. कप उचलायचा नाही." मी हो म्हटलं आणि गेलो. त्या वेळी माझं स्वतःचं काँट्रॅक्ट नूतनीकरणाला आलं होतं. बू खालिदच्या टेबलावर फायलींचा गठ्ठा होता आणि सगळ्यात वरच्या फायलीवर माझं नाव मला उलटं वाचता येत होतं. गहवा आला. मी कप हातात घेतला. बू खालिदनी प्रेमाने विचारलं, "सब ठीक, संजय?" ...आणि मी प्यायलो. तीन कप. तिसऱ्यानंतर, आता रीत माहीत होती म्हणून, कप छान हलवून परत दिला. खाली उतरून भाऊंना फोन केला आणि म्हणालो, "बोललो मी. नाही म्हणाले."

जागा दुसऱ्याला गेली. माझं काँट्रॅक्ट झालं. ते तसंही झालं असतं, हे मला मागाहून कळलं. मिशारी परत आला, बोर्डावरची यादी वाचली आणि पाना उचलून कामाला लागला. पण खरा घाव दुसरीकडेच बसला होता, आणि तो मला रोज दिसायचा. भाऊ परत आले ते एकच प्रश्न घेऊन. "तू खाली ठेवलेला कप बू खालिदनी तसाच परत पाठवला? त्यांनी?" ते पुन्हा पुन्हा विचारायचे. त्यानंतर ते बू खालिदकडे गेले नाहीत. शेजारच्या कंपन्यांत जात राहिले, पण स्वतःच्या मालकाच्या दारात दोन वर्षं त्यांनी पाऊल ठेवलं नाही. माझ्या एका खोट्याने एका चांगल्या माणसाचा दुसऱ्या चांगल्या माणसावरचा विश्वास उडाला होता, आणि मी रोज त्यांच्याबरोबर डबा खात होतो.

म्हणून त्या बुधवारी हॉस्पिटलमध्ये, त्यांच्या छातीला तारा लावलेल्या असताना, मी सगळं सांगून टाकलं. ते छताकडे बघत ऐकत होते.  माझं संपल्यावर मान वळवून म्हणाले, "म्हणजे बू खालिद नाही म्हणालेच नाहीत?"

"नाही. मी विचारलंच नाही."

"दोन वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालतोय!" आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो आणि हा माणूस आनंदाने थरथरत होता. "पुणेकर... तू गरम प्यायलास?"

"तीनदा."

"तीनदा! कसा लागतो रे?"

"चांगला लागतो, भाऊ."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. त्यांना आवरेना म्हणून मला आवरेना. मॉनिटर टुंगटुंग वाजायला लागला. कोल्हापूरची नर्स धावत आली. "अवो काका, हसू नगा की एवढं! आणि तुम्ही, चला, भाईर व्हा बघू." भाऊ म्हणाले, "सिस्टर, काढा याला, हा माझा जीव घेतोय." मी दारापर्यंत गेलो, तर त्यांनी हाक मारली. आता ते हसत नव्हते. "ऐक. बढती काय माझी नाही अडली. मिशारीची अडली. त्याला सांगितलंस?" मी नकारार्थी मान हलवली. "मग मला सांगून काय उपयोग? शुक्रवारी सुटलो की दोघं जाऊ शर्कला. बोलायचं तू. मी नुसता शेजारी बसेन." ...ते हसण्यामुळे तर गेले नाहीत ना, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, नाही हो, हृदय आधीच थकलं होतं. मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

पार्थिव नाशिकला गेलं. खैतानच्या घरी लोक भेटायला येत होते तेव्हा जिन्यावर चपलांपेक्षा कुवेती सपाताच जास्त होत्या. तिथेच, जिन्यात, मी मिशारीला गाठून सगळं सांगितलं. तो दोन मुलांचा बाप आहे आता. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "दोन वर्षं मला वाटत होतं, माझंच काम कमी पडलं." यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर मला हलकं वाटलं असतं. मग त्याने विचारलं, "भास्कर तुझ्या शेजारी बसणार होता ना? चल, मी बसतो. या वेळी मात्र कप उचलू नकोस."

गेल्या आठवड्यात आम्ही गेलो. तोच हॉल, त्याच गाद्या, तीच पितळी किटली. कप आला, मी तो खाली ठेवला. ठेवताना दोन थेंब टेबलावर सांडले. बू खालिदनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत मी सगळं सांगितलं. भाऊंनी पाठवलं होतं, मी मागितलं नाही, तुमच्या नावावर खोटं बोललो, आणि म्हणून ते पुन्हा कधी आले नाहीत. तुम्ही मला काढलंत तरी चालेल, पण मिशारीचं जे होतं ते मिशारीला द्या.  माझं सांगून होईपर्यंत कपातली वाफ पूर्ण थांबली होती. "मला वाटायचं, माझंच काही चुकलं म्हणून तो येत नाही," ते शेवटी म्हणाले. "मी निरोप पाठवायला हवा होता. माझाही मान आडवा आला." त्यांनी डोळे पुसले, ते लपवले नाहीत. दुसऱ्या युनिटवर शिफ्टप्रमुख लागणार होता. पुढच्या महिन्यापासून मिशारी, असं त्यांनी तिथल्या तिथे सेक्रेटरीला सांगितलं आणि माझ्या कपाकडे बोट केलं. "पियो."

मी प्यायलो. थंड, कडू, तळाशी वेलदोड्याचा चुरा. भाऊ खरं बोलले होते, काढाच तो. मला वाटत होतं रडू येईल, पण जिभेवर ती चव आली आणि मी चक्क हसलो. हसण्याच्या नादात कप हलवायचा राहिला. किटलीवाल्याने रीतीप्रमाणे पुन्हा ओतला, गरम, वाफाळता. मी त्याच्याकडे बघितलं. खिशात एक चिठ्ठी होती. भाऊंच्या टेबलाच्या काचेखाली सापडलेली, त्यांच्या अक्षरात. पुढच्या महिन्यात बोलावणं आलेल्या आमच्या आणखी दोघांची नावं होती तीवर.

मी तो दुसरा कपही खाली ठेवला.

बू खालिदनी कपाळावर हात मारला. "या अल्ला," ते मिशारीला म्हणाले, "भास्कर वापस आ गया!" आणि स्वतःचा कप खाली ठेवून, हसत, माझ्याकडे वळून बसले. "बोलो. क्या मांगता?"

मी चिठ्ठी उलगडली. घाई नव्हती. गहवा निवायला अजून वेळ होता.